सिमरोलचे पाच दिवस आणि ओल्या गोणपाटातलं सोयाबीन

इंदूरहून सिमरोलला जायला पाच दिवस कशाला, असं म्हणून हसाल तुम्ही. आता रुंद रस्त्यावरून तासाभरात पोचता येतं. पण मी सांगतेय ती सफर मिल बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली. बाबा कापड मिलमध्ये कापसाच्या गाठी उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. मिल बंद पडली तरी ते रोज गेटवर जाऊन बसायचे, आज ना उद्या उघडेल म्हणून. गल्लीत केबल आली, दुकानात नवा कोला आला, मिल काही उघडली नाही. शेवटी त्यांच्या टोळीतले भागीरथजी, जे केव्हाच सिमरोलला, आपल्या गावी परतले होते, त्यांनी सहा बिघे जमीन बटाईने देऊ केली. आई म्हणाली, "एक हंगाम करून बघा. नाही जमलं तर खुशाल गेटवर बसा." म्हणजे सगळा भार त्या सोयाबीनवर. मी तेव्हा बी.एस्सी.ला, विषय वनस्पतिशास्त्र. बियांमधलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती, म्हणून मीही निघाले.

आमच्या जुनी इंदूर भागातून सकाळी लवकर टेम्पो केला. एक सल्ला आजही देते: पोहे-जिलेबी शहरातच खाऊन घ्या, वर जीरावन मसाला सढळ हाताने घाला, आणि उन्हाळ्यात पाणी घरून न्या. खंडवा रोड तेव्हा अरुंद, समोरून ट्रक आला की आम्ही मातीत उतरायचो. मागे बियाण्याची चार पोती. मी बाबांना व्याख्यान देत होते: सोयाबीनची दोन जाड दळं, कडेला इवलंसं मूळ, त्यावर फक्त पातळ साल.

"हां हां, पेपरमध्ये लिही," बाबा म्हणाले.

भागीरथजींच्या दारी टेम्पो थांबला तसा बाबांच्या अंगात जुना मुकादम संचारला. शर्टाच्या बाह्या वर करून ते वर चढले आणि पहिलं पोतं धाडकन खाली फरशीवर टाकलं. मग दुसरं. काय तो रुबाब! मी कौतुकाने बघत उभी. तिसरं पोतं उचललं तेवढ्यात भागीरथजींच्या पत्नी, म्हणजे काकीजी, हातातलं सूप टाकून धावल्या.

"अरे भिया, यो बीज हे, गाँठ नी हे! धीरे मेलो!"

माळवीत 'मेलो' म्हणजे ठेवा. उरलेली दोन पोती त्यांनी आणि भागीरथजींनी हातात झेलून अलगद ठेवली. बाबा हसले. "काकीजी, बोरीला काय होतंय?"

काकीजींनी वाद घातला नाही. गोणपाटाचे दोन तुकडे भिजवले. एकावर आपटलेल्या पोत्यातले शंभर दाणे ओळीने मांडले, दुसऱ्यावर झेललेल्या पोत्यातले शंभर. दोन्हींची गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि सांगितलं, रोज पाणी शिंपडा, पाचव्या दिवशी बघू. दाणे हातात घेऊन मी निरखले, एकावरही ओरखडा नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मार सालीवर दिसत नाही, तिच्याखालच्या मुळाला बसतो. तासाभरापूर्वी हेच मी तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं, आणि पोती पडताना गप्प उभी होते. मला फार लाज वाटली.

मधले दिवस मी भटकण्यात घालवले. भेरूघाटाकडे जरूर जा, सकाळीच जा. सागाची फळं वाटेवर पडलेली असतात. ट्रकखाली गेली तरी फुटत नाहीत, आणि जमिनीत वर्ष-वर्ष तशीच पडून राहतात. रुईच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर दरीपलीकडे निघाल्या होत्या, त्यांना ना टेम्पो लागत ना मुकादम. परत येताना सलवारीला गोखरू चिकटले, म्हणजे हमाली मीच केली. जेवणाला रोज दाल-बाफले, तुपात बुडालेले. बाबा मात्र कुठे आले नाहीत. गुंडाळ्यांपाशी बसून पाणी शिंपडत राहिले. दिवसातून दहादा शिंपडायचे, मग काकीजी ओरडायच्या की बी कुजेल.

पाचव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. झेललेल्या पोत्यातले ब्याऐंशी दाणे पांढरी मुळं काढून बसले होते. आपटलेल्यातले एकेचाळीस. बाकीचे फुगून मऊ पडलेले, काहींचं मूळ अर्ध्यात मोडलेलं. बाबांनी तीनदा मोजलं.

"गाठीला कधी काही व्हायचं नाही गं," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं टाकल्या."

मला रडू आवरेना. काकीजी मात्र हिशेबी. आपटलेलं बी दाट पेरायचं, त्यामुळे सहाऐवजी चारच बिघे सोयाबीन होईल, उरलेल्या दोनांत मका. "बस, इत्तीसी बात," त्या म्हणाल्या. बाबा मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "टाट कितना गीला रखते हैं, काकीजी? निचोड़ के?" आणि स्वतः गोणपाटाचा नवा तुकडा भिजवायला बसले.

बसने घरी परतलो. या सफरीचं काय उरलं म्हणाल, तर बीच्या आतल्या मुळाचं चित्र मी आजही डोळे मिटून काढू शकते, पण आधी पोतं धरायला धावते. बाबांचं काय उरलं ते गल्लीच्या तोंडाशीच कळलं. मिलमधले एक जुने सोबती भेटले.

"क्यों भिया, पाँच दिन से गेट पे दिखे नी! मिल खुलने की कुछ खबर?"

बाबांपाशी ती खबर नेहमी असायची, खरी-खोटी, पण असायची.

"पता नी, भिया," ते म्हणाले. "मैं तो अभी बीज उगाना सीख रिया हूँ."