जकातीआधीची घाई

माथाकानेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मक्याची आंबट पेज शिजवायची, निम्मी मुलीसाठी झाकून ठेवायची, घोंगडी खांद्यावर पिनेने अडकवायची आणि गारठ्यात मासेरू शहरातल्या कारखान्याची वाट धरायची. तिथे ती अमेरिकेला जाणाऱ्या जीन्सचे कमरपट्टे शिवत असे. जाड कापड हातांनीच रेटावं लागतं. मशीन नुसती सुई मारते. संध्याकाळी मनगटं सुजायची. मुलीचं, थाकानेचं, शाळेचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या परीक्षेची फी भरता यावी, एवढ्यासाठी हे सगळं.

शिवताना बायका चर्चची गाणी म्हणत. गाण्याच्या ठेक्यावर हात चालत. त्यांच्या रांगेत गाणं उचलायचं काम माथाकानेचं. ती जेवढी भरभर गायची, तेवढी रांग भरभर शिवायची.

एप्रिलात मुकादम लेबोना तिच्यापाशी आला. तिकडे मोठ्या बाईला 'म्मे', म्हणजे आई, आणि पुरुषाला 'न्ताते', म्हणजे बाबा, म्हणत.

"म्मे, अमेरिका आपल्या मालावर जबर जकात बसवतेय. त्याआधी माल बोटीत चढला पाहिजे. गाणं जरा पळतं घ्या."

"जादा कामाचे पैसे?"

"मिळतील."

"आणि नंतर काम?"

"आत्ता भरभर हात चालवलात तर का नाही मिळणार?"

शेजारची रेलेबोहिले म्हणाली, "न्ताते लेबोना, तुम्हीपण नाचा की. पोट तरी उतरेल."

रांग खिदळली. माथाकानेने चर्चची गाणी सोडून लग्नातली नाचाची गाणी धरली. रविवारही गेले. रेलेबोहिलेच्या बोटात सुई घुसली. तिने चिंधी गुंडाळली आणि पुढचा पट्टा ओढला.

जून-जुलैतल्या ऐन थंडीच्या आधीच वर्षाचा सगळा माल शिवून झाला. जकात लागली. नवी मागणी आली नाही. फाटकाला कुलूप पडलं. या डोंगरातल्या बायकांनी अमेरिकेचं काय लुटलं होतं? तिकडच्या ढुंगणांना नीट बसेल अशी पँट शिवली, एवढाच गुन्हा.

फाटकापाशी माथाकानेने लेबोनाला गाठलं.

"वर्षाचं काम आत्ताच संपतंय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं. "वरून सांगितलं होतं, बोलायचं नाही."

"म्हणजे आमची उपासमार आमच्याकडूनच शिवून घेतलीत. वर गाणंही आमचंच."

"जकात काय मी बसवली, म्मे?"

"नाही. तुम्ही फक्त ठेका वाढवून मागितलात."

सीमेपलीकडे जोहान्सबर्गला घरकामाला बायका हव्या होत्या. कागद वाचायला थाकानेला सोबत घेऊन ती बायका पाठवणाऱ्या दलालाकडे गेली. त्याने तिची मनगटं पाहिली.

"तरुण हात पाहिजेत, म्मे. ही कोण?"

"ही शाळेत जाते," माथाकाने ताडकन म्हणाली.

"मी जाईन," थाकाने म्हणाली.

"तू गप्प बस."

घरातलं मक्याचं पीठ संपेपर्यंत माथाकानेने ऐकलं नाही. मग ऐकावं लागलं. परीक्षेसाठी राखलेल्या जादा कामाच्या पैशांतून थाकानेचा पासपोर्ट आला, आणि जोहान्सबर्गच्या टॅक्सीतली मागची एक जागा.