पुतळीबायचे पांढरे दात

बारवीच्या वाटेवरच्या पाड्यात पुतळीबायशिवाय लग्न लागत नसे. ती धवलारीण. हळदीपासून मांडवात धवले गायचे, देवांना एकेक करून बोलवायचं आणि नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफून चारचौघांना ऐकवायची, हे तिचं काम. भटजी आला तर येवो, न आला तर त्याचं जेवण वाचलं. धवलारणीनं नावं घेतली की लगीन लागलं.

एक्क्याण्णव सालच्या फाल्गुनात पंचायतीनं पाड्यावर हातपंप बसवला. सदस्य हिंदुरावांनी हार घालून घेतला, नारळ फोडला, विकासावर भाषण केलं. दांड्याचा एक बोल्ट बसवायचा राहिला होता, तेवढं सोडलं तर काम पक्कं होतं. दुसऱ्या सकाळी पुतळीबायनं दांडा दाबला, तो उसळला आणि तिचे वरचे पुढचे तीन दात घेऊन गेला. पाणी आलंच नाही.

दातांसाठी ती रडली नाही. चावायला दाढा होत्या. पण बोलायला जावं तर शब्दाऐवजी वारा येई. 'सीता' म्हटलं की शिट्टी वाजे आणि पाड्यातली कुत्री माना वर करीत. वैशाखात खुद्द हिंदुरावांच्या मुलीचं, कुमुदिनीचं लग्न होतं.

हिंदुराव समाचाराला आले. "पुतळीबाय, तू आता आराम कर. कुमुदच्या लग्नाला आपण कॅसेट लावू. दोन वर्षांमागं पाड्यातल्या एका लग्नात तूच गायलेलीस ती भोंगेवाल्यानं भरून घेतलीय. आवाज तुजाच, मान तुजाच."

"आन मी?"

"तू पुढच्या खुर्चीत. पाव्हणी."

पुतळीबाय अडाणी होती, खुळी नव्हती. एकदा कॅसेट मांडवात शिरली की धवलारीण कायमची मांडवाबाहेर. कॅसेटला लुगडं लागत नाही, चहा लागत नाही, आणि ती मानपान मागत नाही.

"पंप तुमचा, दात माजे," ती म्हणाली. "तुमीच बसवा. तवर तुमच्या ओटीवर बसून गाते."

आणि बसली. दोन दिवस हिंदुरावांच्या घरात कुणाला शिट्टीखेरीज काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जीप काढली आणि तिला अंबरनाथ पूर्वेला दातांच्या डॉक्टर नीलिमाबाईंकडे नेलं.

"आजी, आपण ब्रिज करू," डॉक्टरीण म्हणाली. "पडलेल्या दातांच्या दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करायचे, त्यांवर टोप्या बसवायच्या, आणि मधले तीन त्या टोप्यांना जोडलेले."

"त्या दोघांनी काय गुन्हा केला? ते का झिजवायचे?"

"सगळा भार त्यांच्यावरच येणार ना."

"हां. म्हंजे पाड्यासारखंच," पुतळीबाय म्हणाली. हिंदुराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मग डॉक्टरणीनं नमुन्याच्या दातांची पट्टी काढली. कासार बांगड्या दाखवतो तशी एकेक रंग तिच्या ओठाशी धरू लागली. चाळीस वर्षांच्या मिश्रीनं पुतळीबायचे दात पिकल्या चिंचोक्याच्या रंगाचे झाले होते.

"यात माजा रंग नाय."

"हा सगळ्यात गडद आहे, आजी."

"ह्यो तर माज्या नातीचा दुधाचा दात."

यावर डॉक्टरणीनं मिश्रीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त तो कुणी विचारला नव्हता. दातांचे सोळा रंग शोधणाऱ्या शहाण्याला मिश्री लावणारी बाई आयुष्यात भेटली नसावी, हे मात्र व्याख्यानात आलं नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी ब्रिज बसला. 'सीता' सबंध बाहेर आली. पण तोंड उघडलं की काळ्या रांगेत, दोन टोप्या धरून, पाच चुनखडीचे दगड. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "अगो, नवरी कुमुद का तू?"

तिची सून उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. पुतळीबाय तिच्याबरोबर थेट शेठपुढं उभी राहिली. "शेठ, तुमी कोऱ्या पँटी जुन्या करून इकता. माजे पाच दात जुने करा."

सिंधी शेठनं चष्मा वर करून आत डोकावलं. "माई, पँट को पत्थर के साथ मशीन में घुमाते हैं. तुम घूमोगी?"

लग्नाच्या सकाळी मांडवात व्हिडिओवाल्याचा दिवा थेट तिच्या तोंडावर. पुतळीबायनं लाजून पदर ओठांवर धरला आणि धवला सुरू केला. पदराआडून काय ऐकू येणार? वरपक्ष चुळबुळला. हिंदुरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी भोंगेवाल्याला खूण केली आणि कॅसेट सुरू झाली. पुतळीबायचाच आवाज, दोन वर्षांनी तरुण, सबंध दातांचा. मांडव खूश. हिंदुरावांनी सुरुवातीची पाच मिनिटं आधी ऐकून ठेवली होती, म्हणून तेही निर्धास्त.

देव बोलावून झाले. नावांची जागा आली. भोंगा खणखणीत गाऊ लागला: नवरी तानी, नवरा बारकू.

नवरदेव शशिकांत पाटावरून उठून उभा राहिला. त्याचा मामा गरजला, "ओ हिंदुराव, लगीन कुनाचं लावताय?" मागं बसलेल्या खऱ्या तानीनं कडेवरचं पोर खाली ठेवून नवऱ्याकडं पाहिलं. बारकू म्हणाला, "एकदा झालंय तेवढं पुरे." भोंगा थांबेना. त्यानं बारकूच्या बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, बोहल्यावर रडणाऱ्या कुमुदचं काही घेईना.

"बंद कर ते," मामा म्हणाला. "धवलारीण कुठंय? ती गाईल तर पोरगा बसंल, नायतर वऱ्हाड चाललं."

सगळा मांडव पुतळीबायकडं वळला. हिंदुरावांचे हात आपोआप जुळले.

पुतळीबायनं पदर सोडला. दिवा पाच पांढऱ्या दातांवर लखलखला, कुणी तरी खुदकलं, तिकडं तिनं पाहिलं नाही. कुमुदच्या डोक्यावर हात ठेवून ती पहिल्यापासून गायली. देव पुन्हा बोलावले, कारण मघाचे बारकूच्या घरी गेले असणार. मग कुमुदिनीचं नाव घेतलं, शशिकांतचं घेतलं. मागच्या बायकांनी सूर उचलला. नवरदेव खाली बसला.

पंगत उठल्यावर हिंदुराव लुगडं घेऊन आले. लाजायची त्यांच्याकडं पद्धत नव्हती. "पुतळीबाय, एक नवी कॅसेट भरू. नावांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेव, ज्याचं लगीन त्यानं भरायच्या."

"ठेवते की," लुगड्याचा काठ बोटांनी तपासत ती म्हणाली. "मांडवातले दोन पाट पण मोकळे ठेवा. ज्याला पाह्यजे त्यानं येऊन बसावं."

आणि ती शशिकांतच्या मामाकडं गेली. त्याच्या थोरलीचं लग्न वांगणीला होतं, आणि त्याला तारीख पक्की करायची होती.