थेन बुलकची शिडी

थेन, हे पत्र तुला. पण तू वाचणार नाहीस. ज्यावर उजेड तिरका पडत नाही, ते तू बघतही नाहीस. तेव्हा तुझी गोष्ट तुझ्यादेखत बाकीच्यांनाच सांगते.

थेन बुलक अमेरिकेत, दक्षिण युटाच्या लाल खडकांत, गुरंवाल्याच्या घरी जन्मला. गुरं राखणं जमेना, कुंपण घालणं जमेना. मग कॅमेरा घेतला. आमचा खडक भाजक्या विटेच्या रंगाचा, थेनच्या फोटोत पिकल्या टोमॅटोचा. गाव विचारायचं, "काय रे, हा खडक की सॉस?" शहरातले दाताचे डॉक्टर मात्र तेच फोटो दवाखान्यात लावायचे. त्यांना रक्ताची सवय असते.

थेनची आत्या लिओरा. विधवा, गुरं थोडी, हट्ट रग्गड. तिच्या गुरांचं पाणी एका चिंचोळ्या घळीतल्या झऱ्यावरून नळीने यायचं. झरा खडकाच्या उंच टप्प्यावर. पुरात वाहून आलेलं एक खोड तिथे उभं अडकलं होतं, आणि थेनच्या बापाने कुऱ्हाडीने त्यात पायऱ्या पाडल्या होत्या. पाऊस झाला की लिओरा त्यावरून चढायची आणि नळीच्या तोंडातली वाळू उपसायची.

उन्हाळ्यात भर दुपारी त्या घळीत उजेडाचा एक झोत उतरतो. थेनला तो हवा होता आणि खोड मध्ये येत होतं. त्याने करवतीने खोड कापलं, बाहेर ओढलं, झोत उठून दिसावा म्हणून मूठभर वाळू हवेत उडवली आणि फोटो काढला. नाव दिलं, 'माणसाचा हात न लागलेलं'. बक्षीससुद्धा मिळालं!

पुढच्या पावसानंतर लिओरा फावडं घेऊन गेली, टप्प्याखाली उभी राहिली, आणि फावड्यासकट थेट थेनच्या फोटोंच्या दुकानात आली.

"माझं खोड कुठाय?"

"आत्या, ते फ्रेममध्ये येत होतं गं."

"मीपण येत असेन की. मलाही काप."

"चिडू नकोस ना. शनिवारी शिडी आणून लावतो."

शेजारी म्हणाले, आम्ही लावतो. लिओरा ऐकेना. "भावाने करून दिलेलं त्याच्या पोराने तोडलं. लावेल तर तोच लावेल."

शनिवारी थेन खरंच शिडी घेऊन आला. सोबत फोटो काढायला शिकणारे शहरातले शिकाऊ, प्रत्येकाच्या खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई. सगळे आळीपाळीने शिडीवर चढले, वरून फोटो काढले, एकमेकांची वाहवा केली. लिओरा फावडं सावरत पुढे येईतो थेनने शिडी ट्रकवर बांधलीसुद्धा.

"अरे, ती राहू दे इथंच!"

"सोमवारी दुसरा गट यायचाय, आत्या. आणि ही फार चमकते, फोटोत खटकते. तुला लाकडाची करून देतो. पुढच्या शनिवारी."

"तुझ्या बापाने पायऱ्या केल्या, तू शनिवार कर."

नळीचं तोंड वाळूने बुजलं आणि गुरांचा हौद आटला. थेनने आत्याला तो बक्षीसवाला फोटो चौकटीत घालून भेट दिला. तिने तो रिकाम्या हौदावर झाकण म्हणून टाकला. पानगळीत तिने गुरं विकली. गुरांना आणि लिओराला घेऊन ट्रक गावातून निघाला तेव्हा उतरत्या उन्हात धूळ उठली, आणि थेन दुकानातून कॅमेरा घेऊन धावत आला.

"आत्या, जरा थांबव ना ट्रक! धूळ बघ कशी सोन्यासारखी!"

लिओराने काच खाली केली. "शिडी?"

"शनिवारी. अगदी नक्की."

शिडी अजून दुकानामागे आहे. थेन तिच्यावर दुकानाच्या रंगवलेल्या पाट्या वाळवतो.