फोनमधून गावी जाऊन आलेले अप्पा

मागाखाली धाग्याचा भुगा साचतो तसे आमच्या सेंटरमध्ये किस्से साचतात. सकाळी झाडावं, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच!

परदेशात ‘विकासासाठी तंत्रज्ञान’ शिकून मी सुरतला परतले आणि लिंबायतच्या खान्देशी वस्तीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, मोबाइल शिकवायचा मोफत वर्ग काढला. पहिल्याच दिवशी तावातावाने सांगितलं, “फोन हातात आला की अंतर संपतं!”

मागून भटू अप्पा म्हणाले, “ताई, अंतरच संपनं तर एस.टी.वाले काय खातीन?”

अप्पा लूम कारखान्यातले जुने कारागीर. बायको, सिंधूकाकू, अमळनेरजवळच्या गावी.

*

वर्गातल्या कमलताईंना सासूचा फोन कधीच वेळेत उचलता येत नसे. रिंग वाजली की आधी पदर डोक्यावर, मग फोन. तोवर रिंग बंद!

मी समजावलं, “अहो, उचलल्याशिवाय त्यांना तुम्ही दिसत नाही.”

“पण त्या दिसतात ना!” त्यांनी स्क्रीनवरचा सासूचा फोटो दाखवला.

*

मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही. कारागीर नुसते ओठ हलवतात, समोरचा ओठ वाचतो. अप्पांचे तर कानही त्यातच गेलेले.

पहिला व्हिडिओ कॉल लावला. अप्पा सवयीने नुसते ओठ हलवत राहिले. तिकडे काकू फोन आपटायला लागल्या, “बिघडना का हाऊ?”

“अप्पा, आवाज काढा!” मी खुणावलं.

अप्पांनी असा आवाज काढला की खालचा गिरणीवाला जिना चढून आला. “काका, धीमे बोलो ने! मारी चक्की नथी संभळाती!” त्याला म्हणे स्वतःची गिरणीच ऐकू येईना.

काकूंचं बोलणं मात्र अप्पांना सगळं कळलं. ओठांवरून! त्या दिवशी मला वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

*

पूर्वी सणावाराला अप्पा खाडे करून गावी जायचे. फोन आल्यावर घराचे पत्रेसुद्धा त्यांनी इथूनच बसवून घेतले, “डावीकडे... आजून डावीकडे!”

होळीला कमलताईंनी विचारलं, “अप्पा, गावी नाही गेलात?”

“कालच जाई उनू ना!” अप्पांनी खिशातल्या फोनवर थाप मारली. म्हणे, कालच जाऊन आलो!

सगळे हसले. मीही हसले. प्रत्येक मीटिंगमध्ये मी अभिमानाने सांगायचे, फोनमुळे अप्पांचे खाडे वाचले म्हणून. काकूंना विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

*

मग काकूंनी कॅमेरा उलटा करायला शिकून घेतलं. हे मीच फोनवरून शिकवलेलं, मोठ्या हौसेने!

आता फोन लावला की शेळी दिसायची, नवे पत्रे दिसायचे, दारातला कडुनिंब दिसायचा. काकू दिसायच्या नाहीत. नुसता आवाज. तो अप्पांना ऐकू येत नसे आणि वाचायला ओठ नसत.

“काय म्हनस ती?” अप्पांनी कमलताईंना विचारलं.

कमलताईंनी सावकाश ओठ हलवले, “काकू म्हनतीस, माले देखनं व्हई तर घर या.”

अप्पा खुदकन हसले. “सांग तिले, अखाजीले इसू.”

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात दिवाळीपेक्षा मोठी.

*

अखाजीला कारखान्यात लग्नसराईचा माल होता. खाडा केला असता, तर अप्पांचा माग दुसऱ्याच्या हाती गेला असता. गेले नाहीत. रात्रपाळीचे होते, म्हणून दुपारी वर्गात येऊन त्यांनी फोन लावला.

तिकडे कुणीतरी उचलला आणि अलगद टेकवून ठेवला. हलणं थांबल्यावर कळलं, फोन अप्पांच्या जेवायच्या पाटावर बसवलाय. समोर ताट वाढलेलं. मांडे, कुरडई, भजी. आमरसाची वाटी तेवढी रिकामी.

“काकू! ओ काकू!” कमलताईंनी हाका मारल्या. एक माशी मांड्यावर बसली. अप्पांनी इथून हात हलवून ती हाकलली.

बराच वेळ गेला. माझ्याच्याने बघवेना. मी अप्पांसमोर जाऊन खुणेने विचारलं, बंद करू?

अप्पांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

“थांबा ताई. रस वाढाले येईच ना ती.”