रणगाड्याच्या पोटातली सीट

जाम गावच्या चौकात आपल्या पंक्चरच्या दुकानात बसून एक माजी सैनिक प्लास्टिकचे छोटे रणगाडे बनवायचा. शोकेससाठी मीही एक सांगितला होता. घ्यायला गेलो, तर चिमट्यात आगकाडीची इवलीशी सीट धरून तो ती रणगाड्याच्या पोटात चिकटवत होता.

"वरचा भाग बसवल्यावर ती कोणाला दिसणार? राहू द्या, मला उशीर होतोय," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. "ड्रायव्हरची सीट हाये. बारा वर्षं मी तिथंच बसलो. मीबी कोणाले दिसत नोतो."

सीटवर हळूच फुंकर मारून त्यानं रणगाडा स्वतःकडे ओढला. "हा तुमाले नाई देत. शोकेसले पोकळ चालते, बाजारातून आणा."

शोकेसमधली ती जागा मी अजून भरलेली नाही.