मराठी चौथीवर

माझे यजमान विषमज्वराने गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मुलगी दोन वर्षांची. लढाई चालू होती. साताऱ्याला सासरी मला कोणी घालूनपाडून बोललं नाही. माझ्याकडे बघणं मात्र सगळ्यांनी सोडलं. एकदा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, मुलगा गेला आणि मागे दोन तोंडं ठेवून गेला. ते ऐकलं आणि मी काम शोधायचं ठरवलं.

मास्तरीण व्हावं असं मनात होतं. मुलींच्या शाळेत चौकशीला गेले तर तिथल्या बाईंनी विचारलं, फायनल झालीय का? माझी मराठी चौथी झाली होती. पुढे लग्न ठरलं आणि शाळा सुटली. सातवीच्या फायनलशिवाय अर्जच घेता येत नाही, त्या म्हणाल्या. मिरजेला दवाखान्यात बायका घेतात, हेही त्यांनीच सांगितलं.

मिरजेच्या मेट्रनबाईंनी पहिला प्रश्न तोच केला. नर्स व्हायला इंग्रजी लागत होतं. "आया म्हणून राहशील?" त्यांनी विचारलं. आयाला काय काय करावं लागतं हे मी विचारलंसुद्धा नाही. हो म्हणून मोकळी झाले.

पहिल्याच सकाळी एका बाईखालचं भांडं उचलायला सांगितलं. मोरीपर्यंत जाताना मला दोनदा ओकारी आली. मग पुवाने भरलेली फडकी सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायची. आठ दिवसांत हातांची सालटी निघाली. परत जावं असं रोज वाटायचं, पण परत जाऊन करणार काय?

त्याच महिन्यात जतकडची एक धनगरीण वॉर्डात आली. पोर पोटातच गेलेलं, अंगात ताप. बरोबर आलेला नवरा मेंढरं सांभाळायला परत गेला होता. ती माझा हात सोडेना. "आवं बाई, जवळ बसा. मला लय भ्या वाटतंय," म्हणाली. मी खाटेवर टेकले. दुपारी ती गेली. तिला मीच धुतलं, मीच लुगडं नेसवलं. किळस गेली असं नाही म्हणणार, पण त्या दिवसापासून ओकारी थांबली.

आयांना मूल जवळ ठेवता येत नसे, म्हणून मुलगी साताऱ्यालाच होती. चार-सहा महिन्यांनी सुट्टी मिळाली की मी गाडीने सातारा रोड स्टेशनला उतरून घरी जायची. मला ओटीवर बसवत. दवाखान्यात मी कुणाकुणाचं उचलते हे सगळ्यांना माहीत होतं. माझं ताट वेगळं असे आणि ते मीच घासून बाहेर पालथं घालायचं. मुलगी आधी धावत यायची. पुढे हाक मारली तरच येऊ लागली.

सात वर्षांनी मला दवाखान्याच्या आवारात खोली मिळाली. मी तिला आणायला गेले. तिची नुकतीच चौथी झाली होती. मामंजी म्हणाले, आता शाळा पुरे, तीन-चार वर्षांत उजवून टाकू. तिला पाठवायला ते तयार नव्हते. मी तिलाच विचारलं, येतेस का माझ्याबरोबर? तिने आजीकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

मामंजींनी तिला आत पाठवलं. "तुझ्या येण्या-जाण्याने चार लोक बोलतात," ते म्हणाले. "उद्या तिला स्थळं बघायची आहेत."

मी म्हटलं, "मी यायची बंद होते. पण तिला शाळेतून काढू नका. मॅट्रिक होऊ दे."

"शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

त्यांनी त्यांचा पाळला, मी माझा. ती मॅट्रिक झाल्याचं मला महिन्याभराने एका साताऱ्याच्या पेशंटकडून कळलं. त्या दिवशीही वॉर्डातल्या सतरा खाटांचं सगळं मी केलं.

तिला साताऱ्यातच दिली होती. लग्नानंतर ती एकदा मिरजेला आली. खोलीत उभी राहूनच तिने विचारलं, "तू का येत नव्हतीस?"

"सुट्टी मिळत नव्हती," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही, हे दिसत होतं. पण खरं कारण सांगितलं असतं तर मामंजींचं नाव आलं असतं. ते तोवर अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांचं सगळं तीच करत होती.