मैत्रिणीच्या मताला माझी साक्ष

मला राजकारणातलं फार कळतं असा माझा दावा नाही. पण एखादा माणूस माईकसमोर उभा राहून, बाहेरून कामाला आलेल्यांना परत पाठवीन म्हणतो आणि समोरची गर्दी टाळ्या पिटते, तेव्हा हे प्रकरण आपल्या घरावर येणार एवढं कळायला काही वेगळं डोकं लागत नाही. माझा एकुलता एक मुलगा अमेरिकेत कामाच्या व्हिसावर आहे. त्या व्हिसाची मुदत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर लगेचच संपत होती. वाढवून मिळाली तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

आणि रियाधमधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण नेमकं त्याच उमेदवाराला मत देणार होती.

ती मूळची सांगलीची, भूलतज्ज्ञ. ती आणि तिचा नवरा बरीच वर्षं अमेरिकेत राहिले, तिथले नागरिक झाले आणि मग इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले. त्याच हॉस्पिटलात मी फार्मसी सांभाळते. आमची घरं एकाच कंपाउंडमध्ये, मध्ये फक्त पार्किंग. माझे मिस्टर जुबैलला नोकरीला, महिन्यातून एकदा घरी येणार, त्यामुळे मुलगा निम्मा तिच्याकडेच वाढला. शाळेतून आला की दप्तर माझ्या घरात आणि तो तिच्या स्वयंपाकघरात. अमेरिकेला शिकायला गेला तोही तिच्याच भरवशावर. कुठलं कॉलेज, कुठला विषय, मुलाखतीत काय बोलायचं, सगळं तिनं पढवलेलं. म्हणून तर माझा जास्त तिळपापड होत होता.

बाई पहिल्यापासून जुन्या वळणाची. देवाधर्माची, शिस्तीची, घर आधी आणि बाकी जग नंतर असं मानणारी. तिचं मत नवऱ्याच्या सांगण्यावरून ठरतं असं कोणी समजू नये. उलट तिचं ठरलं की भाऊजी मान डोलावतात. शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत बाजार बंद, रस्ते सुने, तेव्हा आम्ही एकमेकींकडे जेवतो. निवडणुकीच्या त्या सबंध मोसमात एकही शुक्रवार भांडणाशिवाय गेला नाही.

"अगं, तो तुझ्या-माझ्यासारख्यांनाच हाकलायला निघालाय," मी म्हणायची.

"चोरून येणाऱ्यांना," ती आमटी वाढत म्हणायची. "आम्ही वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिलो. कोणी रांग मोडून पुढे घुसलं तर तुला चालेल?"

"आणि माझा मुलगा? तो रांगेतच आहे ना?"

"मग त्याला कशाला हात लावतील?"

"का नाही लावणार? एकदा पाटी पुसायला घेतली की कोणी बघत बसत नाही, कुणाचं नाव आहे ते!"

एकदा मी चिडून म्हटलं, "इथे तू कोण आहेस गं? इकाम्याच्या परवान्यावरच आहेस ना माझ्यासारखी? उद्या नोकरीवर ठेवणाऱ्या कफिलानं खलास म्हटलं तर तुझा अमेरिकन पासपोर्ट इथे काय कामाचा?"

ती शांतपणे म्हणाली, "मी इथे पाहुणी आहे आणि पाहुणीसारखी राहते. ज्याचं घर त्यानं ठरवावं कोणाला ठेवायचं. इथे तुला हे पटतं, मग तिथेच का नाही पटत?"

दुसऱ्या दिवशी फार्मसीत गोळ्या मोजताना एकापेक्षा एक सुरेख उत्तरं सुचली, पण तेव्हा ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती.

माझी भीती उगाच नव्हती. मुलगा लहान असताना आम्ही जेद्दाला होतो. मिस्टरांच्या कंपनीनं एका दुपारी खलास सांगितलं आणि आमच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का बसला. चालू परीक्षेतून मुलाला उठवलं. त्याची सायकल खालच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकली. विमानतळावर तो मला सारखा विचारत होता, "आई, मी काय केलं?" नाशिकला जाऊन वर्षभर नातेवाइकांचे चेहरे बघितले, तेव्हा कुठे रियाधची नोकरी मिळाली. ते पुन्हा त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती ऐकत नव्हती, याचाच मला राग.

मला स्वतःला तर कुठलंच मत नाही. अमेरिकेत नाहीच, आणि भारतात द्यायचं तर तिकीट काढून नाशिकला जाऊन उभं राहावं लागतं. ती मात्र डायनिंग टेबलावर बसून मत देणार आणि कुरियरने पाठवणार. त्यांच्या राज्याचा एक नियम मला तेव्हा कळला. पोस्टाने मत द्यायचं तर एक सज्ञान साक्षीदार लागतो. कोरी मतपत्रिका आधी त्याला दाखवायची, मग त्याच्यासमोर पण त्याला दिसणार नाही अशी खूण करायची, पाकीट बंद करायचं आणि साक्षीदारानं त्यावर पत्ता लिहून सही करायची. परदेशात हा साक्षीदार कोणत्याही देशाचा चालतो. सही नसेल तर मत बाद.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आज तूच साक्षीदार हो."

मला वाटलं, थट्टा करतेय. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सगळ्या रियाधमध्ये दुसरं कोणी मिळालं नाही?"

"मिळतील. पण तुझ्या पाठीमागे द्यायचं नाही मला."

भाऊजी कपबश्या उचलून आत गेले ते बाहेर येईनात. तिनं टेबल पुसलं, कोरी मतपत्रिका दोन्ही हातांनी धरून मला दाखवली आणि खजुराच्या खोक्याचं झाकण मध्ये उभं केलं. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी धूत होतं. मागे पेनचा आवाज आला, थांबला. माझ्या मनात आलं, बदलतेय, बदलतेय! देवा, हिला बुद्धी दे. पुन्हा पेन चाललं. पाकीट चिकटवल्याचा आवाज आला.

"झालं," ती म्हणाली. पाकीट माझ्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं.

"बदललंस?"

"नाही."

मी पेन उचललं आणि तशीच बसले. खरं सांगते, सही करू नये असं फार वाटलं. माझ्या सहीवाचून ते मत रद्दीच होतं. पहिल्यांदाच त्या निवडणुकीतलं काहीतरी माझ्या हातात आलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी पत्ता लिहिला, कंपाउंडचं नाव, घर नंबर, रियाध, आणि सही ठोकली.

"घे," मी म्हटलं. "तूच त्याला पाठवलंस आणि तूच त्याच्या मुळावर उठलीस. परत आला ना, तर विमानतळावर त्याच्या बॅगा उचलायला तू ये. आणि त्यानं विचारलं, मावशी, मी काय केलं, तर उत्तरही तूच दे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. डोळे भरून आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, पण तिनं ओठ घट्ट मिटले. मग एवढंच म्हणाली, "येईन."

भाऊजींनी बाहेर येऊन तसंच माझ्यासमोर मत दिलं, त्यांच्या पाकिटावरही मी सही केली आणि चहा न घेता घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला, तेव्हा मी भरलेलीच होते. सगळं ओकले. तुझी मावशी अशी, तुझी मावशी तशी, उद्या तुला हाकललं तर बघ. तो नेहमीसारखा "रिलॅक्स, आई" म्हणाला नाही.

"आई, तू मावशीला असं बोललीस?"

"मग काय ओवाळू तिला?"

"आई, मावशीनं मला फोन केला होता. मागच्याच आठवड्यात. म्हणाली, तू नको म्हणालास तर मी त्याला मत देणार नाही. शेवटचा शब्द तुझा."

"मग?"

"मी म्हटलं, खुशाल दे. मला मत असतं तर मीही त्यालाच दिलं असतं."

तो पुढे बरंच काही सांगत होता, रांग मोडणाऱ्यांमुळेच आमचा नंबर लागत नाही, तुला व्हॉट्सअ‍ॅपवरून काय कळणार. शब्द थेट तिच्या आमटीच्या पातेल्यातून आले होते. मी फोन ठेवला आणि तशीच, घरातल्या गाऊनवर अबाया चढवून, पार्किंग ओलांडून गेले. तिनं दार उघडलं.

"त्याला विचारलं होतंस, हे मला का नाही सांगितलंस? काल मी तोंडाला येईल ते बोलले, तेव्हासुद्धा?"

ती दाराला धरून उभी होती. डोळे सुजलेले. "तू माझ्यावर चिडलीस तर पार्किंग ओलांडून येशील आणि भांडशील," ती म्हणाली. "त्याच्यावर चिडली असतीस तर तो तिकडे एकटा पडला असता गं."

तिचं मत मला तेव्हाही चूक वाटत होतं, आजही चूकच वाटतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले.